सासूबाईंचा पेपर फुटला

तपासणीला आलेल्या ताईंनी अजून शब्द सांगितलेच नव्हते. "आजी, मी आता तुम्हाला पाच शब्द सांगणार आहे, नीट ऐका," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आमच्या सासूबाई मांडीवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत एका दमात बोलून मोकळ्या झाल्या, "पेरू, कंदील, चप्पल, नदी, मावशी."

ताईंचं पेन थांबलं. मी सासूबाईंच्या खुर्चीमागे उभी, कडेवर पोरगी, आणि माझ्या तळपायाला घाम फुटला. पेपर फोडणाऱ्यांना तोंडाला रुमाल बांधून नेतात हे मी टीव्हीवर बघितलेलं, आणि माझ्याकडे तर त्या दिवशी रुमालसुद्धा नव्हता.

"आजी, मी अजून शब्द सांगितलेच नाहीत," ताई म्हणाल्या.

"सांगा की मग," सासूबाई म्हणाल्या. "मला येत्यात."

आता हे इथपर्यंत कसं आलं ते सांगते, म्हणजे तुम्ही मला लगेच नावं ठेवणार नाही, थोडं थांबून ठेवाल.

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कागद लागला. साठीच्या वरच्या लोकांची स्मृती तपासणी, शिवाय मनाच्या आजारावर संशोधन, दोन शनिवार, क्लब हाउसमध्ये, मोफत. पहिला शनिवार बी विंगचा, दुसरा आमचा. खाली लिहिलेलं की ही परीक्षा नाही. तर पुण्यातल्या माणसाला ही परीक्षा नाही असं सांगितलं की तो पेन्सिलीला टोक करायला बसतो. बी विंगचं झालं त्याच दिवशी संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर रिझल्टची चर्चा. बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा, त्यांना घड्याळ काढायला सांगितलं होतं, तर त्यांनी घड्याळ काढलं, आकडे काढले, कंपनीचं नाव काढलं, आणि काटे राहिले. त्यांनी फेरतपासणी मागितली. लेखी.

आणि बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू. शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांना पूर्ण मार्क पडले. म्हणजे असं त्याच सांगत होत्या. त्यांनी घरी जाऊन कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळे प्रश्न लिहून काढले, एकही सोडला नाही. तुमची आठवण तपासायला बोलावलेलं, तर बाई अख्खा पेपर पाठ करून आल्या. मला त्यांनी जिन्यात गाठलं आणि घडी केलेला कागद हातात दिला.

"तुझी सासू जरा हल्ली गप्प असते ना, म्हणून देते. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार, काकू."

"सात जणींना दिलाय. सगळ्यांना हेच सांगितलंय."

मी तो कागद घ्यायला नको होता, मान्य. पण मी का घेतला ते ऐका. मी सकाळी आठ ते एक पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. आमचे हे खराडीला कंपनीची गाडी चालवतात, ते सहालाच गेलेले असतात. पोरगी साडेतीन वर्षांची. मी तिला बालवाडीत सोडते, आणि अकराला सासूबाई तिला आणतात. दोन गल्ल्या सोडून बालवाडी, रस्ता ओलांडायचा नाही, काही नाही. काकूंनी कागद दिला त्याच्या दहा-बारा दिवस आधी केंद्रात मला फोन आला, बालवाडीच्या बाईंचा. पावणेबारा झाले होते, आणि माझी पोरगी गेटला धरून उभी होती. मी पिठाच्या हातांनी पळत गेले. घरी आले तर सासूबाई पलंगावर बसलेल्या, पाय खाली सोडलेले, चप्पल समोर.

"आई, विसरलात का?" मी विचारलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे दोनच वाक्यं बोलले असते, एक काम सोड, दोन मी आधीच म्हटलं होतं. आणि मला हे काम मिळून तीनच महिने झाले होते, तिथे बायका माझ्या पोळ्या गोल येतात म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काहीतरी बरोबर येतंय म्हणालं होतं. मी दहावी नापास, गणितात. तेव्हापासून कुणी काही विचारलं की माझं आधी डोकं बंद होतं आणि मग तोंड चालू होतं.

त्या दिवसापासून मी मोबाईलवर बघायला लागले की म्हातारी माणसं विसरतात म्हणजे काय होतं. एक व्हिडिओ बघितला. मग मोबाईलच मला रोज दहा दाखवायला लागला. चौथ्या दिवशी माझी खात्री झाली की आजार सासूबाईंना आहेच, पण मला जास्त आहे, कारण मी मीठ दोनदा घातलं होतं.

म्हणून मी ठरवलं, सासूबाई पास झाल्या पाहिजेत. पास झाल्या की आजार नाही. आजार नाही म्हणजे गेटची गोष्ट झालीच नाही. कुठल्या शाळेत शिकवतात हे मला माहीत नाही, पण मी तसंच शिकले होते, मार्क पडले की प्रश्न मिटला.

आठ दिवस तयारी करून घेतली. सकाळी कणीक मळताना शब्द, दुपारी घड्याळ. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं काढायची होती, ते काढून काढून सासूबाईंचा हात इतका बसला की आमच्या भिंतीवरचं घड्याळ त्यापुढे चुकीचं वाटायला लागलं. मग शंभरातून सात वजा, परत सात वजा, असं करत खाली यायचं. ते मला येईना. काकूंनी उत्तरं लिहून दिली होती म्हणून निभावलं. मी मोठ्याने म्हणायची, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, आणि सासूबाई मागून म्हणायच्या, कीर्तनात धरतात तसा सूर धरून.

"कशाला गं हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"मार्क मिळतात, आई."

"मिळवून काय करायचं? वरच्या वर्गात जायचंय व्हय मला?"

मी हसले. त्या हसत नव्हत्या, हे मला आता आठवतं. वर्षभर झालं असेल त्या हसल्याला. आधी अशा नव्हत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या बोलायला लागल्या की शेजारच्या घरातलं भांडण थांबायचं, ऐकायला. आता दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या, मालिका लावली तरी बघायच्या नाहीत, जेवा म्हटलं की जेवायच्या, म्हटलं नाही तर तशाच राहायच्या. सगळे म्हणायचे वय झालं. आमचे हे म्हणायचे आई पहिल्यापासून शांतच आहे. यांच्या लहानपणी आईने यांना वावरभर पळवून मारलेलं सगळ्या गावाला माहीत आहे, पण हे म्हणतात शांत.

तर शनिवारी आम्ही क्लब हाउसमध्ये. नातेवाइकांनी बाहेर थांबावं असं लिहिलेलं होतं. मी सांगितलं, त्यांना कमी ऐकू येतं, मला आत थांबावं लागेल. सासूबाईंना शेजारच्या फ्लॅटमधली कुकरची शिट्टीसुद्धा मोजता येते. पण मला आत राहायचं होतं, अडलं तर खुर्ची हलवायला.

आणि पहिल्याच प्रश्नाला त्यांनी आधीच उत्तर दिलं.

ताई रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्यांनी शांतपणे पिशवीतून दुसरा कागद काढला. दुसरा कागद असतो हे काकूंनी सांगितलं नव्हतं. "आजी, आता नवे शब्द. बैल, खिडकी, गूळ, छत्री, वांगं. सांगा बरं."

"पेरू," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, मी आत्ता सांगितले ते."

"ते आमच्यात नव्हते," सासूबाई म्हणाल्या, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

घड्याळ आलं. ताई म्हणाल्या पावणेतीन वाजलेले दाखवा. सासूबाईंनी दहा वाजून दहा मिनिटं काढली, इतकी सुंदर की फ्रेम करून लावावी.

"बरं आजी, आपण आत्ता कुठे बसलोय?"

हे मी पक्कं करून घेतलं होतं. क्लब हाउस, तळमजला, पुणे. सासूबाई खाली फरशीकडे बघत राहिल्या.

"विहिरीवर," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"हितं विहीर व्हती. तुमची खुर्ची हाय ना, त्याच्या खाली. आमचीच."

"त्यांना क्लब हाउस म्हणायचंय," मी मध्ये पडले. पण खोटं त्या बोलत नव्हत्या. ही सगळी जमीन आमच्या सासऱ्यांची आणि त्यांच्या भावांची होती, बिल्डरला दिली तेव्हा आम्हाला इथे फ्लॅट मिळाला. सोसायटीचं नाव इंग्रजी आहे, त्याचा अर्थ हिरवं कुरण होतो म्हणे. कुरण काढून टाकलं आणि नाव ठेवलं. ताईंनी काहीतरी लिहिलं, मार्क दिला का कापला ते मला दिसलं नाही. माझ्या मते त्या उत्तराला कुठल्याच कागदावर जागा नसणार.

"ठीक आहे. आता शंभरातून सात गेले तर किती?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. मी खुर्ची हलवली. परत हलवली. आणि माझ्या कडेवरून, खणखणीत आवाजात, टाळ्या वाजवत, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," माझ्या पोरीने सगळं म्हणून टाकलं, आणि वर विचारलं, "मम्मी, मी पास?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही जरा बाहेर बसा," त्या मला म्हणाल्या. "आजींना ऐकू येतं, मला कळलंय."

मी बाहेर पायऱ्यांवर बसले, खिडकीखाली. खिडकी उघडी होती. ऐकू नये हे कळतं मला. पण उठले नाही. आत ताईंनी दुसराच विषय काढला होता, मनाचा, झोपेचा. हे काकूंच्या कागदावर नव्हतं. काकूंनी ते लिहून घेतलं नव्हतं, त्यांच्या मते त्याला मार्क नव्हते.

"आजी, सकाळी उठावंसं वाटतं का?"

"उठून काय करायचं?"

"मन कशात रमतं?"

"पूर्वी शेरडं व्हती. आता लिफ्ट हाय."

"सूनबाई बघतात ना नीट?"

"बघती. लई भेदरट हाय. मी खोकले तरी मोबाईलात बघती."

"आणि विसरायला होतं का हल्ली?"

पोरगी माझ्या बांगड्या मोजत होती, चुकीच्या.

"विसरत न्हाई मी," सासूबाई म्हणाल्या. "तेच तर. त्या दिवशी पोरीला आणायचं व्हतं. अकराला सुटती. घड्याळ समोरच हाय, बघत व्हते. अकरा झाले. सव्वा अकरा झाले. पोर उभी आसंल, कळत व्हतं मला. चपला काढून ठेवल्या व्हत्या, पाय खाली सोडले व्हते. उठवंना. काय दुखत न्हवतं. नुसतं उठवंना."

"मग घरी काय सांगितलंत?"

"सून म्हणली विसरलात काय. म्हणलं व्हय. विसरले म्हणलं की माणसं गप बसत्यात."

मला वाटलेलं, मी सगळ्यात वाईट तेच धरून चालले होते. त्याच्यापेक्षा हे वाईट होतं. विसरल्या असत्या तर निदान त्यांना माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. त्यांना माहीत होतं. पाऊण तास त्या पलंगावर बसून माझ्या पोरीला गेटवर उभी बघत होत्या, इथे, डोक्यात. आणि मी त्यानंतर आठ दिवस त्यांना पेरू आणि कंदील पाठ करायला लावले.

ताई बाहेर आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या शेजारी पायरीवरच बसल्या आणि सांगितलं, की म्हातारपणी मन खचलं की ते कधी कधी विसरल्यासारखंच दिसतं, आणि कधी दोन्ही एकदम असतं, आणि ते वेगवेगळं ओळखायचं हाच त्यांचा अभ्यास. आणि मनाला उपचार आहेत. आठवड्याला एकदा त्यांच्यातलं कुणीतरी येऊन बोलणार, डॉक्टर तपासून गोळ्या देणार. लगेच फरक पडत नाही, काही आठवडे जातात. मंगळवारपासून सुरू.

"आठवणीची तपासणी नंतर पुन्हा करू, मन जरा सावरल्यावर. तेव्हा कृपा करून तयारी करून घेऊ नका."

"नाही घेणार."

"आणि तोपर्यंत मुलीची जबाबदारी एकट्या आजींवर टाकू नका. पण त्यांच्याकडून सगळी कामं काढूनही घेऊ नका. माणूस नुसतं बसलं की जास्त खचतं."

मी दोन्हीला मान हलवली. घरी येऊन चहा ठेवल्यावर लक्षात आलं, की दोन्ही एकाच वेळी करायचं कसं, हे विचारायचं राहिलं.

काकू जिन्यातच होत्या. "किती पडले?"

"रद्द झाला."

"सगळं बरोबर सांगितलं असेल," काकू म्हणाल्या. "कॉपी करताना मधे चार चुका करायच्या असतात. हे तुला कुणी शिकवलं नाही?"

ताईंनी घरच्यांनी भरायचा एक कागद दिला होता. त्यात विचारलेलं, गेल्या महिन्यात काळजी वाटावी असं काही घडलं का. खाली माझी सही, आणि यांची. मी रविवारी दुपारी तो भरला. गेटची गोष्ट लिहिली, माझ्या अक्षरात, जोडाक्षरं चुकली असतील. यांनी वाचला. दोनदा वाचला. मग विचारलं, "हे तू मला सांगणार होतीस की नुसती सही घेणार होतीस?"

"सही," मी म्हणाले. खरं होतं ते.

"काम सोड."

"मंगळवारपासून उपचार आहेत."

"उद्या सोमवार आहे, उद्या पोरीला कोण आणणार?" हे म्हणाले, आणि सही केली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलंच नाही. त्या यांच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या. "पोर माझ्याकडनं काढू नको. एवढंच एक हाय उठायला."

यांनी सही केलेला कागद माझ्या हातात दिला.

सोमवारी मी केंद्रात सांगितलं, मला पावणेअकराला अर्धा तास बाहेर जायचंय. बालवाडीच्या बाईंनाही सांगून ठेवलं, मी समोर आहे, पोरीला गेटच्या आत ठेवा. आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिले, हातात एक कोरा कागद घेऊन, म्हणजे काहीतरी काम आहे असं वाटावं.

अकरा वाजले. पोरं सुटली. आज्या आल्या, आया आल्या, एक आजोबा स्कूटरवर आले. माझी पोरगी गेटच्या आतून बाटली हलवत उभी. सासूबाई नाहीत. अकरा पाच.

मग दिसल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर मेडिकलच्या पायरीवर बसलेल्या. घरातून निघाल्या होत्या, जिना उतरल्या होत्या, दोन गल्ल्या चालल्या होत्या, आणि गेटपासून वीस-पंचवीस पावलांवर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हात मांडीवर, नजर गेटकडे. पोरीला त्या दिसत नव्हत्या. त्यांना पोरगी दिसत होती. मला दोघी दिसत होत्या.

मी रस्ता ओलांडला असता तर अर्ध्या मिनिटात पोरगी माझ्या कडेवर असती. पण त्यांनी मला बघितलं असतं. आणि मग उद्या त्यांनी जिना उतरला नसता, एवढं मला दहावी नापास असून कळत होतं.

झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढू?"

मी थांबा म्हटलं. अकरा सात झाले. पोरगी गेटच्या सळईला चाटायला लागली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी हाताने एक मिनिट केलं. मी एक पाय दुकानाच्या पायरीवरून खाली टाकला आणि परत वर घेतला. असं दोनदा केलं. तिकडे सासूबाईंनी पायरीला हात टेकला, उठायला, आणि परत बसल्या. अकरा नऊला त्या उठल्या. मेडिकलच्या शटरला धरून, हळूहळू, जसं काही दुसऱ्याच कुणाचं शरीर उचलतायत. गेटपर्यंत गेल्या, पोरीचा हात धरला, आणि पोरगी त्यांना म्हणाली, "आजी, लेट." मला तिथपर्यंत ऐकू आलं.

मी केंद्रात परत गेले. त्या दिवशी माझी एकही पोळी गोल आली नाही.

आता उपचार चालू आहेत, कधी बरं, कधी नाही, ताई म्हणतात वेळ लागतो. कोपऱ्यावर त्या अजून कधी कधी बसतात, मी अजून झेरॉक्सच्या दुकानात जाते. त्या दिवशी उठल्या म्हणून लोकांना सांगताना मी शहाणी ठरते. पण मी माझ्या पोरीला नऊ मिनिटं मुद्दाम उभी केली होती, औषध म्हणून, आणि त्या उठणार आहेत हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या हा प्रश्न पेपरात नव्हता. यांना विचारलं तर हे म्हणाले, बघ तुझं तू. म्हणून तुम्हाला विचारते, अकरा सात झालेत, तुमचा एक पाय झेरॉक्सच्या पायरीवर आहे, एक खाली, समोर पोरगी, कोपऱ्यावर सासू. तुम्ही काय केलं असतं?